सेकंड शिफ्ट, रात्रीची लाईट आणि चार महिन्यांत पाच वेळा सर्दी

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारा कारखाना. तीन शिफ्ट: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. लूमवर काम करणारा ऑपरेटर, वय ४३, तापीकाठच्या गावातून रोज २२ किलोमीटर मोटारसायकलनं येणारा. गावी अडीच एकर शेत आहे. एक एकर केळी ठिबकवर, दीड एकर रब्बी मका दांडानं, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवून, भरायचा. घरात बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ६८ वर्षांचे वडील. हा रुग्ण नमुन्यादाखल उभा केलेला आहे. त्याच्या तक्रारी, वेळापत्रक आणि त्यातल्या अडचणी मात्र या भागातल्या कुठल्याही दवाखान्याला अनोळखी वाटणार नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यात तो आला तेव्हा दिवाळीपासून पाचवी सर्दी चालू होती. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस कणकण, मग आठ-दहा दिवस नाक चोंदलेलं. दोनदा सायनसपर्यंत गेलं, दोन्ही वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका तीनदा उठला. तोंड येणं अधूनमधून चालूच. झोपेबद्दल विचारलं तर उत्तर एका ओळीत: "झोप येते बो, पन लागत नाही." सोबत च्यवनप्राशची अर्धी झालेली बाटली आणि काढ्याच्या पुड्या. प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध हवं, एवढीच मागणी.

आधी काय वगळलं

झोपेवर ठपका ठेवणं सोपं असतं, म्हणूनच तो सगळ्यात शेवटी ठेवायचा. वारंवार संसर्ग होणाऱ्या चाळिशीतल्या माणसात पहिला संशय मधुमेहाचा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी व्हायलाच हवी. त्याचा खोकला एकदा १७ दिवस चालला होता, म्हणून ती केली, छातीचा एक्स-रेही काढला. एचआयव्ही, थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहिलं. तंबाखू-चुना चालू होता, तोंड नीट तपासलं. घोरण्याबद्दल त्याला नाही, बायकोला विचारलं. घोरतो, पण श्वास अडकत नाही. मानेचा घेर ३८ सेंटीमीटर. दिवसा येणाऱ्या झोपेच्या एपवर्थ मापनात २४ पैकी १३ गुण, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त (१० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं).

क्षयरोग नाही, एचआयव्ही नाही, थायरॉइड ठीक. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ टक्के. मधुमेह नव्हे, पण ५.७ ते ६.४ ही त्याच्या उंबरठ्याची पट्टी.

जुन्या कागदांत मात्र एक गोष्ट खटकली. जानेवारीतल्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी ११,२०० आणि उपाशीपोटी साखर ११८. त्या पेशींच्या आकड्यावरच दुसरं अँटिबायोटिक सुरू झालेलं. नमुना कधी दिला होता? नाईट संपवून, सकाळी पावणेआठला, गावी जाण्याआधी. आदल्या रात्री तीनला डब्यातली शेवभाजी आणि दोन भाकरी खाल्ल्या होत्या. म्हणजे 'उपाशीपोटी' पाच तासही झाले नव्हते, लागतात किमान आठ. आणि रात्रभर जागलेल्या माणसात पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, संसर्ग नसतानाही वाढलेल्या दिसतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, दोन रात्री बऱ्यापैकी झोप झाल्यावर तीच तपासणी पुन्हा केली: पेशी ७,९००, साखर १०३. शिफ्टवाल्याच्या रिपोर्टवर नमुन्याची वेळ, आदली शिफ्ट आणि शेवटचं जेवण या तीन गोष्टी पेनानं लिहून ठेवल्या तर निम्मे घोळ तिथेच मिटतात. लॅबवाला लिहीत नाही, आपण लिहायच्या.

झोपेची वही

त्याला तीन आठवडे, म्हणजे शिफ्टचं एक पूर्ण चक्र, वही ठेवायला सांगितली. रकाने पाचच: अंथरुणावर पडलो, डोळा लागला, उठलो, मधे का उठलो, चहा किती. झोपेत असताना कुणी घड्याळ पाहत नाही, म्हणून अंदाज चालेल, पण उठल्यावर पंधरा मिनिटांच्या आत लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेली वही कामाची नसते. माणूस सगळीकडे 'सहा तास' लिहून मोकळा होतो.

सगळ्यांचा अंदाज होता, त्याचाही, की नाईटच मारते. वहीनं वेगळंच दाखवलं.

नाईटच्या आठवड्यात सरासरी ५ तास ५ मिनिटं. पावणेआठला घरी, आंघोळ, चहा, नऊला झोप, साडेबाराला गावातल्या भोंग्यानं किंवा उकाड्यानं जाग, मग चारच्या सुमारास तास-दीड तास डुलकी. फर्स्टच्या आठवड्यात ५ तास ४० मिनिटं, कारण पहाटे सव्वापाचला उठायचं आणि रात्री अकराच्या आत कुणी झोपू देत नाही. आणि सेकंडच्या आठवड्यात ४ तास ५४ मिनिटं, सगळ्यात कमी. कागदावर सेकंड ही सगळ्यात निवांत शिफ्ट. पण शेतीची थ्री फेज लाईट, जिच्यावर मोटर चालते ती, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. त्या आठवड्यात तीन रात्री लाईट होती. एरवी रात्रीचं पाणी वडील भरायचे. सेकंडच्या आठवड्यात घरात ठरलेलंच होतं: जागाच आहेस, तर येता येता मोटर चालू कर. मोटर चालू करणं म्हणजे एक बटण नव्हे. मक्याला दांडानं पाणी द्यायचं तर दर पाऊणएक तासाला फावड्यानं एक बारं (पाटातून पाणी सोडायचं तोंड) फोडायचं, दुसरं बांधायचं. पावणेबाराला शेतात, साडेचारला अंथरुणावर, सव्वासातला मुलांच्या शाळेची गडबड. तीन रात्री जेमतेम पावणेतीन तास, उरलेल्या चार रात्री साडेसहा.

मग गेल्या चार महिन्यांतल्या पाच सर्द्यांच्या तारखा कारखान्याच्या हजेरीशी जुळवल्या. पाचपैकी चार वेळा सर्दी फर्स्टच्या आठवड्यात उगवलेली. या कारखान्यात शिफ्ट उलट्या दिशेनं फिरत: नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट. म्हणजे दोन वाईट आठवडे पाठोपाठ आणि त्यांच्या शेवटी सर्दी. पाच ठिपक्यांवरून काही सिद्ध होत नाही, घरात शाळेतली मुलं आहेत आणि थंडीचे दिवस होते. तरी कुठे हात घालायचा हे ठरवायला एवढं पुरलं.

सरासरी सव्वापाच तासांच्या झोपेत शरीरात काय होतं

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, शरीराचं मुख्य घड्याळ आहे. ते स्वतःच्या चालीनं सोडलं तर २४ तासांपेक्षा किंचित लांब दिवस पाळतं. रोज सकाळचा उजेड त्याला जागेवर आणतो. पण घड्याळ एकच नाही. यकृताला आहे, आतड्याला आहे, पांढऱ्या पेशींनाही स्वतःचं आहे. रात्री रक्तात ताज्या टी-पेशींची (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) संख्या चढते. पहाटे कॉर्टिसॉल हे जागेपणाचं संप्रेरक वाढू लागलं की त्या रक्तातून निघून आपापल्या ठाण्यांवर जातात. झोपेच्या पहिल्या भागातली गाढ झोप ही शिकवणीची वेळ: कॉर्टिसॉल खाली, वाढीचं संप्रेरक वर, आणि लसिकाग्रंथींमध्ये एक पेशी दुसरीला आलेल्या जंतूची ओळख करून देते. ही शिकवणी ज्या वेळेला ठरलेली आहे, त्या वेळेला माणूस फावडं घेऊन बांधावर उभा असेल, तर ती नंतर दिवसा तशीच्या तशी भरत नाही.

याचे मोजलेले पुरावे आहेत. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५३ निरोगी माणसांची आधी दोन आठवडे झोप नोंदवली, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून त्यांना वेगळं ठेवलं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना आठ किंवा जास्त तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली. २०१५ साली तसाच प्रयोग १६४ जणांवर, पण झोप मनगटावरच्या यंत्रानं मोजून केला: सहा तासांखाली गेलेल्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांपेक्षा चौपटीहून अधिक. सहा ते सात तासांच्या गटात ठळक फरक दिसला नाही. आमच्या दृष्टीनं ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची, कारण शिफ्टवाल्या शेतकऱ्याला आठ तासांचा उपदेश करणं म्हणजे त्याला दवाखान्यातून हाकलणं. सहाच्या वर नेणं जमण्यासारखं आहे.

'प्रतिकारशक्ती कमी झाली' हे वाक्य मात्र अर्धंच खरं. विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पेशींची धार एका अर्धवट रात्रीनंतरही उतरते, ते एक. त्याच वेळी आयएल-६ सारखे दाहाचे निरोप विनाकारण चालू राहतात. राखणदार डुलक्या घेतोय आणि शेकोटी मात्र रात्रभर धुमसतेय, असं एकाच शेतात. तोंड येणं, अंग आंबणं, उंबरठ्यावरची साखर या दुसऱ्या बाजूच्या खुणा असू शकतात. काढ्यानं यातलं काही सुटत नाही. घशाला शेक मिळतो, तेवढ्यापुरता प्यावा.

काय बदललं

पहिला घाव पाण्याच्या रात्रींवर. मक्याची दोनच पाणी उरली होती. चुलतभावाशी अदलाबदल ठरली: सेकंडच्या आठवड्यातलं रात्रीचं पाणी तो भरेल, आणि दिवसाच्या लाईटला त्याच्या शेतातलं पाणी हा सकाळी साडेआठ ते अकरा पाहील. केळीच्या ठिबकासाठी घरात ऑटोस्विचचा, म्हणजे लाईट येताच मोटर आपोआप चालू करणाऱ्या बटणाचा, आग्रह होता. तो तसाच बसवू नये. लाईट येताच गावातल्या सगळ्या मोटरी एकदम उचलल्या तर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसते, आणि मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. बसवायचाच तर काही मिनिटं उशिरानं मोटर उचलणारा टायमर, कपॅसिटर आणि पाणी तुटलं की मोटर बंद करणारं संरक्षण, तिन्ही सोबत हवेत. त्यानं टायमर घेतला, तिसरं 'पुढच्या महिन्यात' ठेवलं. एप्रिलमध्ये विहीर खाली गेली, मोटर कोरडी फिरली, वाइंडिंग जळालं आणि त्या धावपळीत चार रात्री गेल्या. वहीत ते चार दिवस लाल पेनानं आहेत.

दुसरं, झोपेचा खुंटा. तिन्ही शिफ्टला एकच वेळ जमणं अशक्य. पण फर्स्टला रात्री पावणेदहा ते सव्वापाच आणि सेकंडला साडेबारा ते आठ झोपलं, तर साडेबारा ते सव्वापाच हा पावणेपाच तासांचा पट्टा दोन्ही आठवड्यांत कायम राहतो. घड्याळ त्याला धरून राहतं. सेकंडला सकाळी आठपर्यंत झोपायचं तर मुलांची शाळा बायको आणि आजोबांनी पाहायची. हे वाक्य दवाखान्यात त्या दोघांसमोर बोलावं लागलं, चिठ्ठीवर लिहून भागलं नसतं.

नाईटला घड्याळ उलटवायच्या फंदात पडलो नाही. ते साधारण दिवसाला एक तास सरकतं. सहा रात्रींत ते जेमतेम अर्ध्या वाटेवर पोचतं, तेवढ्यात शिफ्ट बदलते. म्हणून नाईटला झोप दोन तुकड्यांत: घरी येताच, आंघोळीला फाटा देऊन हातपाय धुऊन सव्वाआठ ते साडेबारा, आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ. कारखान्यात अडीचच्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं होणं, गजर लावून. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं लूमच्या रोलरजवळ जायचं नाही. अर्धवट जागा हातच यंत्रात जातो. सकाळी डोळे मिटत असतील तर गाडीला किक मारायची नाही, तिथेच वीस मिनिटं पडायचं. काळा चष्मा लावून उजेड टाळा असा सल्ला बरेच जण देतात. एसटीनं जाणाऱ्याला तो ठीक, पेंगत मोटारसायकल चालवणाऱ्याला नाही.

खोली बदलली. तो पत्र्याच्या नव्या खोलीत झोपत होता. घराचा जुना धाब्याचा भाग आजोबांकडे होता, तो दुपारपुरता मागून घेतला. मातीचं जाड छत दुपारी उशिरा तापतं. खिडकीला केळीच्या शेतातला उरलेला मल्चिंग पेपर (जमीन झाकायचा प्लास्टिकचा कागद) लावला, चंदेरी बाजू बाहेर, काळी आत, कडा पट्टी आणि बारीक खिळ्यांनी घट्ट. खिडकीच्या वरची चार बोटं जागा मोकळी सोडली, नाहीतर कूलरची हवा फिरत नाही, खोली नुसती दमट होते. दाराला आतून कडी, मोबाईल बायकोकडे.

जेवण: नाईटला मुख्य जेवण रात्री साडेनऊला घरी, भाकरी, वरण, भाजी. अडीचला मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा एक केळं. पहाटे आतडं आणि यकृत झोपेच्या वेळापत्रकावर असतात, तेच जेवण तेव्हा साखर जास्त चढवतं. शेवभाजी रविवारी दुपारी खावी, कुणी बंद करत नाही. चहा रात्री तीननंतर नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास घेतं. सगळ्यात अवघड निघाला तंबाखू. जागं राहायला तो लागतो म्हणून सुटत नाही, आणि तो असतो म्हणून सकाळी झोप लागत नाही. चार महिन्यांनी दिवसाला आठ चिमटींवरून तीनवर आला आहे. झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत. गोळीनं डोळा लागेल, पण साडेबाराचा उकाडा आणि भोंगा तसेच राहतील.

कारखान्यातली दिशा

सहा ऑपरेटरांनी मिळून सुपरवायझरकडे मागणी केली: शिफ्ट सुलट फिरवा, फर्स्ट, सेकंड, नाईट. शरीराचा दिवस मुळात थोडा लांब असल्यानं उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. प्रायोगिक म्हणून दोन चक्रं मिळाली. पहिल्याच वेळी नाईट संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी दोघं गैरहजर.

चूक दिशेची नव्हती, हिशोबाची होती. रविवार सुट्टी धरली तर उलट्या फिरकीत नाईट ते सेकंड ३२ तास, सेकंड ते फर्स्ट ३२, फर्स्ट ते नाईट ५६ तास मिळत. सुलट फिरकीत फर्स्ट ते सेकंड ४८, सेकंड ते नाईट ४८, पण नाईट ते फर्स्ट फक्त २४: रविवारी सकाळी सातला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी सातला पुन्हा लूमवर. बेरीज दोन्हीकडे १२०, फक्त खड्डा एका जागी गोळा झाला. उपाय असा निघाला की नाईटची तुकडी शुक्रवारच्या रात्रीला थांबेल आणि शनिवारची रात्र बदली कामगार सांभाळतील. मग तिथेही ४८ होतात. एक रात्रीचा रोज बुडतो म्हणून दोघांनी कुरकुर केली, ती खरीच आहे. तडजोड म्हणून ती पाळी सेकंडच्या आठवड्यातल्या रविवारी, ज्याला हवी त्यानंच, भरून काढायची ठरली.

लस

पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यायची होती. १९९०-२००० च्या दशकांतल्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की झोपेचा आणि लसीचा संबंध आहे. सहा रात्री चार-चार तास झोपवलेल्या तरुणांमध्ये फ्लूच्या लसीनंतर दहाव्या दिवशी प्रतिपिंडं नेहमीसारखं झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. पुढे काही आठवड्यांत तो फरक भरून निघाला. हेपॅटायटिस ए च्या लसीनंतरची रात्र जागून काढणाऱ्यांत महिन्याभरानं प्रतिपिंडं जवळपास निम्मी दिसली. म्हणून त्याला लस फर्स्टच्या आठवड्यात, बुधवारी दिली. आधी दोन पूर्ण रात्री, नंतरही दोन.

पण हे फक्त ठरवून घ्यायच्या लसींपुरतं. कुत्रं चावलं, पायात खिळा घुसला, तर नाईट चालू आहे म्हणून रेबीज किंवा धनुर्वाताची लस एक दिवसही पुढे ढकलायची नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तसंच दवाखाना गाठायचा.

चार महिन्यांनी

मे महिना सगळ्यात वाईट गेला. पारा ४४ च्या वर, दुपारी लाईट गेली की कूलर बंद, धाब्याची खोलीही एक वाजता तापलेली. गाढ झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, ते उतरेना. तेव्हा सकाळचा तुकडा साडेअकरापर्यंतच ठेवला, उरलेलं संध्याकाळी सात ते साडेनऊ, ओल्या पंचानं अंग पुसून, अंगणात. लग्नसराईतल्या दोन हळदी आणि एक वरात यांचा हिशोब वहीत आहे, त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

जूनच्या मध्यावर तीन आठवड्यांची सरासरी ६ तास १५ मिनिटं. एपवर्थ ८. चार महिन्यांत सर्दी दोनदा, त्यातली एक मोटर जळाल्याच्या आठवड्यानंतर. ओठावर फोड एकदा. एचबीए१सी ५.९. अँटिबायोटिक एकदाही नाही. थंडीचे चार महिने आणि उन्हाळ्याचे चार महिने यांची अशी तुलना सरळ करता येत नाही. खरी परीक्षा पुढच्या दिवाळीनंतर, मक्याला पाणी सुरू झाल्यावर. दीड एकरावर ठिबकच्या नळ्या अंथरायच्या की मका सोडून कमी पाण्याचा हरभरा टाकायचा, हे घरात अजून ठरलेलं नाही. वडिलांना मका हवा आहे.